नकाशातली मोकळी जागा

माझी आई सावली गावातल्या शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी संस्थायची डॉक्टरीन हाये. संस्था बिमार पडली का हिले बोलावते." शेजारणी माना डोलवायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना विचारायच्या, की संस्थेला होते तरी काय? ताप येते का? आईला नीट समजावून सांगायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आता वाटतं, तिची व्याख्या माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा बरी होती. कार्डावर 'सामाजिक क्षेत्र सल्लागार' असं छापलं होतं. ते वाचून मूल गावच्या एका गृहस्थांनी फोन केला, "मॅडम, पोरगा इंजिनियर हाये, समाजातली एखादी चांगली पोरगी दाखवा."

धंदा तसा समजायला सोपा आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत दर दोन नाल्यांमागे एक संस्था. कोणी बायांचे गट चालवतं, कोणी शाळा, कोणी दवाखाना, कोणी मोहाचे लाडू वळतं. ही माणसं जीव तोडून काम करतात, पण कागद म्हटला की त्यांच्या पोटात गोळा येतो. तिकडे पुण्या-मुंबईत देणगी देणारे बसलेले. त्यांना कागदाशिवाय काही दिसत नाही. या दोघांच्या मधे मी. गावातलं हसणं-रडणं रकान्यांत भरायचं आणि रकान्यांतलं फर्मान गावाला कळेल अशा बोलीत सांगायचं. लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. म्हणू देत बापा. उंटावर बसून कंबर किती दुखते ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

गिऱ्हाईकं एकेक नग. एका संस्थेचे अध्यक्ष सत्तरी ओलांडलेले. मला म्हणाले, "मॅडम, मले वारसदार शोधून द्या. माया नंतर संस्थेचं काय?" आम्ही तीन दिवसांचं शिबिर घेतलं. वारसदाराच्या अंगी काय काय गुण हवेत त्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या, भिंतीवर चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष उठले, सगळी भिंत वाचली, डोळे पुसले आणि म्हणाले, "हे सारे गुण ज्याच्यात हायेत असा मले एकच माणूस दिसून राह्यला." सभागृह श्वास रोखून बसलेलं. "मीच," म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं.

दुसरी गोष्ट शेळीची. देणगीदारांना यशोगाथा लागते, म्हणजे अमक्या बाईचं आधी कसं वाईट चाललं होतं आणि आमच्यामुळे आता कसं बरं चाललंय. एकदा तीन वेगळ्या संस्थांचे अहवाल माझ्या टेबलावर आले, तर तिन्हींत एकच बाई, एकच शेळी, एकच हसू. प्रत्येक संस्थेचं म्हणणं, ही शेळी आमच्यामुळे. मी त्या बाईला गाठलं. ती म्हणाली, "शेळी मायी माहेरची हाये. पण येणारा हरेक जण इतक्या आशेनं इचारते का मले नाई म्हणवत नाई." हसू नका. त्यातला एक अहवाल मीच लिहिलेला होता.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट नकाशाची.

आमच्या धंद्यातलं एक लाडकं हत्यार म्हणजे गावनकाशा. गावकऱ्यांना शाळेच्या अंगणात जमवायचं, रांगोळी, विटेचा चुरा, कोळसा, झाडाची पानं पुढ्यात ठेवायची आणि म्हणायचं, काढा तुमचं गाव. मग लोक घरं काढतात, विहिरी काढतात, रस्ता, शेत, जंगल. बाहेरच्या माणसाला अर्ध्या दिवसात गाव कळतं आणि गावालाही आपलं गाव वरून कसं दिसतं ते कळतं. पद्धत चांगली आहे. मी स्वतः कित्येक पोरापोरींना शिकवली आहे. फक्त पद्धत चांगली असली की ती सगळेच वापरायला लागतात, एवढाच तिच्यात दोष.

हे गाव आलापल्लीच्या पलीकडलं. नाव सांगणार नाही, आणि पुढे मी जिथे पूर्व म्हणेन तिथे पूर्व नाही, हेही आधीच सांगून ठेवते. या गावाशी माझा जुना संबंध. माझ्या उमेदवारीच्या काळात मी तिथे पहिला नकाशा काढून घेतला होता. गावाला लागून एक मोठी बोडी होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला मातीची पाळ घालून केलेलं तळं. ती उथळ झालेली दिसली म्हणून मी अहवालात लिहिलं, बोडी खोल करावी. एका देणगीदाराने मशीन पाठवलं, बोडी खोल झाली, सप्टेंबरात तुडुंब भरली. त्या भरलेल्या बोडीचा फोटो मी पुढे इतकी वर्षं प्रशिक्षणात दाखवला की माझं निम्मं नाव त्याच्यावर उभं होतं. 'लोकसहभागातून जलसमृद्धी.' मथळाही माझाच.

तीनेक उन्हाळ्यांपूर्वी मला पुन्हा त्या गावात जायचा योग आला. चंद्रपूरच्या एका संस्थेचे सचिव वासेकर भाऊ माझे गिऱ्हाईक. माणूस सज्जन, फक्त मोठा पाहुणा आला की त्यांचा रक्तदाब वाढतो. पुण्याच्या एका कंपनीला त्यांच्यामार्फत गावात प्रशिक्षण केंद्र बांधायचं होतं. मोह, चारोळी, मध यांचं काय काय करता येतं ते बायांनी तिथे शिकावं. माझं काम एवढंच, की नकाशा काढून घ्यायचा, जागा सुचवायची आणि ग्रामसभेचा होकार कागदावर आणायचा. ग्रामसभा म्हणजे इथे सगळं गाव. सगळं गाव हो म्हणत नाही तोवर तिथे काडी हलत नाही.

पाहणी गुरुवारी ठरली होती. कंपनीच्या ऋचा मॅडमना विमान मंगळवारचं मिळालं, म्हणून पाहणी मंगळवारी झाली. गावात फोनला रेंज नाही. वासेकर भाऊंनी आदल्या संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. ऋचा मॅडम आणि वासेकर भाऊ एका गाडीत, मी सलीमभाईंच्या जीपमध्ये. सलीमभाईंना माझे ड्रायव्हर म्हणणं चूक ठरेल. गाडी त्यांची, वाट त्यांची आणि वाटभर मतंही त्यांचीच. चंद्रपूरच्या निम्म्या संस्थांना त्यांनी गावं दाखवली आहेत. मला सल्लागार म्हणतात आणि त्यांना ड्रायव्हर म्हणतात, हा निव्वळ छापखान्याचा फरक आहे.

गावात पोचलो तर शाळेच्या अंगणात नुसत्या बाया. पुढे सोमीबाई. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, कमरेला चुन्याची डबी, नजर तहसीलदाराची. जोहार, म्हणजे इकडचा नमस्कार, झाला. मी नकाशाचा विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "नकाशाच काढाचा हाये ना? कोणता पाह्यजे? पाण्याचा, जंगलाचा, का बायायच्या तरासाचा?"

ऋचा मॅडम गोंधळल्या. "म्हणजे? वेगवेगळे असतात का?"

"हओ. पाण्याचा लवकर काढतो. तरासाचा काढाले दिवस जाते." (आमच्याकडे बायाही 'येतो', 'जातो', 'काढतो'च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी म्हटलं, "साधा गावाचा काढा." सोमीबाईने हाक मारली आणि एक पोरगी पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत आधी येऊन गेलेल्या सगळ्या संस्थांची उरलेली रांगोळी, रंगवार पुड्या बांधून. हद्द आखायला दोरीसुद्धा होती. मग काय विचारता! एकीने रस्ता ओढला, दोघींनी घरं मांडली, एकीने हातपंप, एकीने पळसाची पानं ठेवून जंगल उभं केलं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. लग्नातल्या बँडवाल्यांना सांगावं लागतं का, की आता कोणतं गाणं? तसं. वीस मिनिटांत गाव तयार. ऋचा मॅडम मोबाईलवर चित्रण करता करता भारावून म्हणाल्या, "किती उत्स्फूर्त आहे हे!" माझ्यामागे सलीमभाईंना खोकल्याची उबळ आली.

मला मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. एक, बाया सारख्या उन्हाकडे बघत होत्या, जसं काही कुठेतरी उशीर होतोय. दोन, गावात एक पुरुष दिसत नव्हता.

"माणसं कुठी हायेत?" मी विचारलं.

"लग्नाले गेले."

"सगळेच?"

"मोठं लगन हाये," सोमीबाई म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली.

मी नकाशा बघितला. माझी मोठी बोडी जिथे असायला हवी तिथे पिवळ्या रांगोळीचा एक चौकोन होता. विचारलं तर म्हणाल्या, ते आता मैदान आहे, पोट्टे क्रिकेट खेळतेत. मला वाटलं, गाळ भरला असेल. चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे सरकले. सल्लागाराला ही कला यावीच लागते. गावाच्या पूर्वेला, मोहाच्या झाडांपलीकडे, नकाशात मोठी मोकळी जागा सोडलेली होती.

"इथी काय हाये?"

"इथी काईच नाई," चार बाया एका सुरात म्हणाल्या.

ऋचा मॅडमचे डोळे चमकले. रिकामी जागा, सपाट दिसतेय, गावाला लागून. वासेकर भाऊ तर गुडघ्यावर बसून त्या मोकळ्या जागेत बोटाने इमारतच काढायला लागले. "हॉल इथी, भांडार इथी, संडास मागं. चला ना मॅडम, जागा पाहूनच घेऊ."

आणि मग अंगणात जी गडबड उडाली! एक बाई म्हणाली, तिथी काटे हायेत. दुसरी म्हणाली, अस्वल हाये. तिसरी म्हणाली, देवाचं ठिकाण हाये, बाया नाई जात. चौथीने सांगितलं, तिथी वाटच नाई. शेवटी एक म्हातारी म्हणाली, ते आपल्या गावात येतच नाही. एका मोकळ्या जागेवर एवढी संकटं एकदम मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात, ग्रामसभेला दोन-चार पुरुष तरी हवेत म्हणून कोणीतरी बोलावून आणलेले दोन बाप्ये अंगणात आले. मे महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आमच्याकडे या दिवसांत कपाळावरचा घाम गालापर्यंत पोचायच्या आत सुकतो. आणि हे दोघे मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले. एकाच्या कोपरावर काहीतरी चमकत होतं.

मी विचारलं, "लग्न लागलं का भाऊ?"

"हओ."

"नवरदेव कुठचा?"

"एटापल्लीचा," एक म्हणाला. त्याच क्षणी दुसरा म्हणाला, "सिरोंच्याचा." दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

सलीमभाई माझ्या कानाशी वाकले. "मॅडम, बहोत बारातों में खाना खाया, पर कीचडवाली बारात पहली बार देखी. और वो कोहनी पे मछली का छिलका है."

मला काही नक्की कळलं नव्हतं, पण ऋचा मॅडमला आत्ता तिकडे जाऊ द्यायचं नाही एवढं कळलं. मी माझा सल्लागारी आवाज काढला. म्हटलं, ऊन फार आहे, आधी जेवण, मग जागा. वासेकर भाऊंना पाहुण्यांना उन्हाचा त्रास नको होताच. मंडळी शाळेच्या ओसरीवर जेवायला बसली. मी सोमीबाईच्या शेजारी जाऊन हळूच म्हटलं, "चाला सोमीबाई. तुमचं लगन दाखवा."

तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती चालायला लागली.

मोहाची झाडं ओलांडली, पळसाच्या झुडपांतून एक पायवाट गेली, आणि समोर बोडी. लहानशी, पण मे महिन्यात पोटभर पाणी धरून बसलेली. सगळे पुरुष कमरेएवढ्या पाण्यात, हातात जाळी आणि बांबूचे पिंजरे. काठावर पळसाच्या पानांवर मरळ, झिंगे, लहान-मोठ्या मासोळ्या. गावाचे पुजारी, ज्यांना गायता म्हणतात, ते उकिडवे बसून ढीग लावत होते. दर चुलीमागे एक ढीग, सगळे सारखे. विधवेची चूल असो की पाटलाची, ढीग तेवढाच. हा दिवस वर्षातून एकदाच येतो, गायता तो देवाला विचारून ठरवतात, आणि देवाला सांगितलेला दिवस विमानाच्या तिकिटासाठी बदलत नाही. त्याआधी वर्षभर त्या पाण्यात कोणी जाळं टाकत नाही. मला बघितल्याबरोबर सगळे जिथल्या तिथे थिजले. वर्गात दंगा चालू असताना हेडमास्तर दारात यावेत तसं झालं.

"एवढी चांगली बोडी," मी म्हटलं, "नकाशात काऊन नाई दाखवली?"

सोमीबाई पाळीवर बसली. "दाखवलं का त्याचा विकास होते, बाई."

मला हसू आलं. ती हसत नव्हती.

"विहीर दाखवली. तिच्यावर झाकण बसलं, पंप बसला. पंप बिघडला, झाकण तसंच हाये. धान ठेवाची जागा दाखवली, तं तिथी सभागृह झालं. त्याले कुलूप हाये, चाबी कोनाजवळ हाये थे कोनाले माहीत नाई. मोठी बोडी दाखवली, तं मशीन आलं. खालची काळी माती खरवडून नेली. मायी सासू वरडून राह्यली होती, नोका खोदू, थे मातीच पाणी धरते. कोनी आयकलं नाई. पावसात भरली. सगळ्यायनं फोटू काढले. दिवाळीपर्यंत कोरडी. तवापासून तिच्यात पाणी थांबलंच नाई."

तरी मी विचारलंच. माणूस मूर्ख असतो, उत्तर माहीत असूनही विचारतो. "कोनी सांगतलं होतं खोदाले?"

सोमीबाईने चुन्याची डबी उघडली, बोटाने चुना घेतला, डबी बंद केली. "तुमीच तं होत्या. तवा तुमचे केस काळे होते."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं मी लोकांना शिकवत होते, की गावाचं ऐका. आणि या गावातली एक म्हातारी मशीनसमोर उभी राहून ओरडत होती, ते मला आज कळत होतं. मी सप्टेंबरात आले, फोटो काढला, गेले. हिवाळ्यात एकदाही फिरकले नाही. त्या बोडीखालचं धान गेलं, मासोळी गेली, आणि माझ्या नावाला मात्र चमक आली. आमच्या धंद्यात सगळे शब्द आहेत, 'आव्हाने' आहे, 'शिकवण' आहे, 'चुकलं' तेवढा नाही.

"चुकलं मायं," मी शेवटी म्हटलं.

"हओ," सोमीबाई म्हणाली. तिने नाही-नाही म्हणून माझं मन राखलं नाही, आणि तेच बरं झालं. "तुमी वाईट नाई बाई. तुमी सारे चांगलेच येता. पण आता हे एकच उरली हाये. इथी बांधू देऊ नोका. आन सांगू बी नोका."

तिने एका वाक्यात मला दोन बाजूंनी कोंडीत पकडलं होतं. बोडी आहे हे सांगितलं, तर इमारत टळेल, पण ऋचा मॅडम टाळ्या वाजवून म्हणतील, वा, मग मत्स्यपालन! मग समिती, मग मत्स्यबीज, मग खोलीकरण, मशीन. नाही सांगितलं, तर याच पाळीवर वासेकर भाऊंचे संडास. आणि खोटं बोलायचं म्हटलं, तर पुढच्या पाच मिनिटांत वासेकर भाऊ टेप घेऊन इथे येऊन उभे राहतील. परतताना पायवाटेवर मी माझ्या सगळ्या विद्या आठवून पाहिल्या. समस्यावृक्ष आठवला, जोखमीचा तक्ता आठवला. एकही कामाचा नव्हता. सोमीबाई पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून विचारलं नाही, की मी काय ठरवलं.

ओसरीवर जेवणं आटोपली होती. वासेकर भाऊंच्या हातात खरोखरच टेप होता. ऋचा मॅडम म्हणाल्या, "मग मॅडम, बघून आलात? कशी आहे जागा?"

सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.

"जागा छान आहे," मी म्हटलं. "शांत आहे. झाडीच्या पार मागे. एकच आहे, की तिथे बांधलं तर बोर्ड रस्त्यावरून दिसणार नाही."

आता बोर्ड म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. देणगीतून जे काही उभं राहतं त्याच्या समोर देणाऱ्याच्या नावाचा बोर्ड लागतो. हातपंप पडला तरी बोर्ड उभा असतो. आमच्या जिल्ह्यात मी असे बोर्ड पाहिले आहेत ज्यांच्या मागे आता काहीच उरलेलं नाही. वासेकर भाऊंचा चेहरा पडला. मागे एकदा त्यांच्या एका इमारतीचा बोर्ड वडाच्या फांदीमागे गेला होता, तर पाहुण्यांनी भाषणातच त्याचा उल्लेख केला होता. फांदीही तोडता येईना, वडसावित्रीच्या बाया आडव्या आल्या.

ऋचा मॅडम ओशाळल्या. मुलगी चांगली होती. "म्हणजे, मला स्वतःला काही नाही वाटत त्याचं," त्या म्हणाल्या, "पण वरून तशी सूचना आहे खरी. दर्शनी भाग रस्त्याकडे हवा."

"मंग थे सभागृह घ्या ना," सोमीबाई म्हणाली. एवढ्या सहज, की जसं काही हे तिला आत्ताच सुचलं. "रस्त्यावरच हाये. कुलूप आमी तोडून देतो. छत बरं करा, खिडक्या लावा, बायायले बसाले झालं. समोर मोप जागा हाये. दोन बोर्ड मावतेत."

वासेकर भाऊंचा रक्तदाब जागेवर आला. टेप घेऊन ते सभागृहाकडे धावलेच. अर्ध्या तासात बाकीचे पुरुषही 'लग्ना'हून परतले, गाव बसलं, आणि गाव हो म्हणालं. चिखल भरलेले दोघे बाप्येसुद्धा हो म्हणाले. ठराव झाल्यावर बायांनी टाळ्या वाजवल्या. किती वाजवायच्या, कुठे थांबायचं, सगळं त्यांना बरोबर माहीत होतं. मी अहवालात लिहिलं, 'पूर्वेकडील जागा दर्शनी नसल्याने अनुपयुक्त.' त्यात खोटं काहीच नाही. सभागृह आज चालू आहे, खिडक्यांना जाळी आहे, चाबी गावातच आहे. आणि भरलेल्या बोडीचा तो फोटो मी प्रशिक्षणात अजूनही दाखवते, फक्त त्याच्यापुढे आता क्रिकेटच्या मैदानाचा लावते आणि पोरांना विचारते, सांगा, मधे काय झालं? ते उत्तर द्यायला लागले की माझे कान गरम होतात. पण दाखवते.

त्या दिवशी ऋचा मॅडमची गाडी आधी निघाली. मी जीपमध्ये चढणार तर सोमीबाईने माझं मनगट धरलं.

"बाई, तिथी फोटू काढला का?"

मी काढला होता. पाळीवर उभी असताना, माझंही लक्ष नसताना, हाताने सवयीने तीन फोटो काढले होते. पाण्यातले पुरुष, पानांवरचे ढीग, एक नुसती बोडी. तिसरा फार सुंदर आला होता, खरं सांगते. मी फोन काढून तिला दाखवले. तिने तिन्ही नीट पाहिले, तिसऱ्यावर तीही जरा थांबली. मग म्हणाली, "काढून टाका."

मी पुसले. तिने स्क्रीनवर डोकं वाकवून बघितलं. "आता कुठी गेले?"

"गेले," म्हणून मोकळी झाले असते. जीप चालू होती, सलीमभाई हॉर्नवर हात ठेवून बसले होते. पण पुसलेला फोटो फोनमध्ये आणखी महिनाभर एका वेगळ्या कप्प्यात पडून राहतो, आणि मनात आलं तर परत आणता येतो, हे मला माहीत होतं. तिसरा फोटो तर मला हवाच होता. माझं बोट त्या कप्प्यावर जाऊन थांबलं. आपण किती खालच्या थराला जाऊ शकतो हे माणसाला असल्याच वेळी कळतं.

मी म्हटलं, "नाई गेले सोमीबाई. अजून इथी हायेत." कप्पा उघडला, तिन्ही फोटो परत तिच्यासमोर आले. एकेक करून कायमचे पुसले, कप्पा रिकामा दाखवला. "आता कुठीच नाई."

सोमीबाईने माझं मनगट सोडलं.

"मले माहीत होतं थ्या कप्प्याचं," ती म्हणाली. "माया नातीच्या फोनमंदी बी हाये. मागं आल्या होत्या थ्या मॅडमनं नाई दाखवला. मी पाहून राह्यलो होतो, तुमी दाखवता का नाई."